मधला आकडा

"चार... काहीतरी... सात," काका झाडामागून ओरडले आणि मी वहीत 4 आणि 7 च्या मधे प्रश्नचिन्ह टाकलं. झालं ते एवढंच. सकाळपासून साठ-सत्तर झाडं मोजून झाली होती, पाठीला सदरा चिकटला होता, कानाशी चिलटं गुणगुणत होती आणि एका न दिसणाऱ्या आकड्यासाठी थांबायची दोघांचीही इच्छा नव्हती. तरी मी दोरी ओलांडून मागे गेले. झाडाच्या नंबरची ॲल्युमिनियमची चकती झाडाने निम्मीअधिक गिळली होती. लहान मूल तोंडात बिस्किट धरून झोपी जावं, तशी ती सालीत अडकली होती. खिळा चकतीच्या वरच्या कडेला मधोमध असतो, म्हणून झाडाने गिळायलाही मधूनच सुरुवात केली होती. डावीकडे 4, उजवीकडे 7, मधे नुसता सालीचा फुगवटा. मी नखाने साल थोडी उचकटून पाहिली, मग मलाच कसंतरी झालं आणि हात मागे घेतला. मधला आकडा आत कुठेतरी शाबूत होता. झाडाला तेवढा माहीत, आम्हाला नाही.

खिळा ठोकायचीही एक रीत असते. पूर्ण ठोकायचा नाही, दोनेक बोटं बाहेर ठेवायचा. टोक किंचित वर आणि डोकं किंचित खाली, म्हणजे चकती घसरून बाहेरच्या बाजूला लोंबत राहते आणि खोडाला जाडी वाढवायला जागा मिळते. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. त्यामुळे खिळा आहे त्या उंचीवरच राहतो, खोड मात्र जाड होत होत त्याच्या अंगावर येतं. म्हणून दर मोजणीला तो थोडा उपसून सैल करायचा असतो. पकडीने दोन झटके, दहा सेकंदांचं काम. मोजणीसाठी आखलेल्या या प्लॉटमध्ये ते दहा सेकंद सतरा वर्षांत कुणीच दिले नव्हते. मागचा प्रकल्प तीन वर्षांचा होता. दोनदा मोजणी झाली, अहवाल गेला, पैसे संपले, माणसं पांगली. त्या माणसांत मीही होते. विद्यार्थिनी होते, हातोडी माझ्याकडे आणि चकत्यांची माळ माझ्या मैत्रिणीकडे, दुपारनंतर उलट. तो खिळा मीच ठोकला असण्याची शक्यता निम्मी.

त्याच रात्री मी संशोधन निधीसाठीचा अर्ज भरायला बसले. मुदत संपायला नऊ दिवस होते. पोर्टलवरचा चौथा रकाना: "या प्रकल्पात नवीन काय आहे? 150 शब्द." बोटांना अजून सालीचा तुरट वास येत होता. कर्सर लुकलुकत होता. तो लुकलुकताना टेबलावर बोटं वाजवत बसलेल्या माणसासारखा वाटतो, निदान मला तरी.

खरं उत्तर होतं, काहीही नाही.

तीच झाडं, तीच टेप, तीच उंची. जमिनीपासून 1.3 मीटरवर, म्हणजे साधारण छातीशी, खोडाभोवती टेप फिरवायची आणि घेर लिहायचा. जुन्या रंगाच्या पट्टीवरच टेप बसली पाहिजे, कारण चार बोटं वर-खाली झालं तरी झाड "वाढतं" किंवा "बारीक होतं". टेपखाली वेल आली तर घेरावरून काढलेलं झाडाचं वजन उगाच वाढतं. एकजण टेप आवळून धरतो, दुसरा सैल, आणि माणूस बदलला की कागदावर अख्खं जंगल एका वर्षात रोडावतं. आमच्या दुसऱ्या मोजणीत तसंच झालं होतं. दोन दिवस आम्ही दुष्काळाचा परिणाम म्हणून हुरळून गेलो होतो, मग कळलं की नव्या मुलाच्या दंडात ताकद जास्त. हे काम नीट करायला अक्कल लागते, पण ती "नवीन" या शब्दात बसत नाही. नवीन असतं तर ते निरुपयोगी झालं असतं. त्याची सगळी किंमत कालच्यासारखंच आज करण्यात आहे. आणि रकाना विचारत होता, कालच्यापेक्षा वेगळं काय?

मी लिहिलं: "दीर्घकालीन वृक्षवाढीच्या माहितीची नव्या दृष्टिकोनातून पुनर्बांधणी." वाचून पाहिलं. वाक्य चांगलं खणखणीत होतं. त्याचा अर्थ इतकाच, की नंबर गिळले गेलेत, ते आम्ही शोधून काढू.

असल्या वेळी मला अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग आठवतात, म्हणजे मीच त्यांना आठवून स्वतःची समजूत घालते. 1958 च्या मार्चमध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर त्यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. त्यांचा तो आलेख आता शाळेच्या पुस्तकातही असतो, चढत जाणारा आणि करवतीच्या दात्यांसारखा. त्यातले ते दाते म्हणजे जंगलच आहे. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात पालवून हवेतून कार्बन ओढतात तेव्हा रेघ खाली येते, पानं गळून कुजू लागली की वर जाते. सबंध गोलार्धाच्या पानांचा श्वास त्या रेघेत दिसतो. 1964 मध्ये त्या नोंदीत काही महिन्यांची खाच आहे. तेव्हा तिथे ज्वालामुखी उसळला नव्हता की यंत्र जळालं नव्हतं. पैसे कापले गेले होते. हे तर रोजचंच मोजमाप, यात संशोधन कुठलं, हा सूर त्यांना पुढेही ऐकावा लागला. ती खाच मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. मुलं हसतात. मीही हसते, पण माझ्या प्लॉटच्या नोंदीत सतरा वर्षांची खाच आहे हे त्यांना सांगत नाही.

हबर्ड ब्रुकची गोष्ट जास्त जवळची, कारण ती जंगलातच घडली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं हे प्रायोगिक वन 1955 मध्ये राखलं गेलं ते पाणी मोजण्यासाठी: किती पडतं, किती ओढ्यातून वाहून जातं. 1963 पासून जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांचे सहकारी त्या पाण्यात विरघळून काय येतं, काय जातं याचा जमाखर्च मांडू लागले. एखाद्या किराणा दुकानाच्या वहीसारखं काम, आत किती, बाहेर किती. त्या वहीत पावसाच्या पाण्यासमोरचा आकडा भलताच निघाला. पाऊस आम्लयुक्त होता, आणि तोही थोडाथोडका नाही. पुढे आम्ल पावसावर एवढं रान उठलं, 1990 मध्ये तिथला हवा-प्रदूषणाचा कायदा बदलला, त्यामागच्या पुराव्यात ही वही होती. मी विचार करते, 1963 च्या त्या अर्जात "अपेक्षित फलनिष्पत्ती" असा रकाना असता तर त्यांनी काय लिहिलं असतं? पावसात आम्ल सापडेल असं लिहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं, आणि सापडायच्या आधी ते लिहिणार तरी कसं? आता आपल्याला मात्र लिहावं लागतं. आउटपुट वेगळं, आउटकम वेगळं, इम्पॅक्ट त्याहून वेगळा. या तिघांतला फरक मला दर वेळी पुन्हा समजून घ्यावा लागतो आणि अर्ज पाठवला की तो पुन्हा विसरायला होतो.

लॉगफ्रेमचा, म्हणजे प्रकल्पाची कामं आणि त्यांची फळं मांडायचा तक्ता भरताना रात्रीचे दोन वाजलेले असतात. सगळ्या घराचा आवाज बंद, फक्त फ्रिज मधूनच दचकून उठतो. अशा वेळी आपण काहीही कबूल करतो. बाराव्या महिन्यापर्यंत मोजणी पूर्ण, अठराव्या महिन्यापर्यंत विश्लेषण, तिसाव्याला शोधनिबंध, छत्तिसाव्याला "धोरणकर्त्यांसाठी मार्गदर्शिका". कुठलं काम कधी हे दाखवणाऱ्या गँट चार्टच्या रंगीत पट्ट्या एकीखाली एक किती समजूतदारपणे बसतात. त्यात पावसात रस्ता बंद झाल्याचा महिना नसतो, गांधीलमाशांचं पोळं असलेलं झाड नसतं, परवानगीचं पत्र साहेबांच्या सहीसाठी अडकल्याचे सात आठवडे नसतात. आणि झाड तर त्या पट्टीत कुठेच नसतं. छत्तीस महिन्यांत एखादं सावलीतलं झाड इतकं कमी वाढतं, की टेपच्या चुकीत ती वाढ विरघळून जाते. झाड वाढलं की आपणच टेप जरा सैल धरली, सांगता येत नाही. त्यावर मी तीन आलेख काढीन असं वचन दिलेलं असतं.

बजेट तर त्याहून मजेचं. मागच्या एका अर्जात आम्ही मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर मागितले होते, ते एका फटक्यात मंजूर झाले. शिडी कापली. फुगीर मुळांची मोठी झाडं मोजायला शिडीच लागते, कारण टेप मुळांच्या वरून फिरवायची असते. पण शिडी हा शब्द कुठल्या समितीला भारी वाटणार? शिडी मग आम्ही कुणाच्या तरी घरून आणली, तिची एक पायरी हलायची. सेन्सरच्या वायरी दुसऱ्या वर्षी उंदरांनी की साळिंदरांनी कुरतडल्या. दुरुस्तीसाठी रकाना नव्हता. यंत्र विकत घेता येतं, ते चालू ठेवता येत नाही. माणसांचंही तेच. "मनुष्यबळ" या सदरात मी दर वेळी काकांचे मजुरीचे दिवस लिहिते आणि दर वेळी ते कमी करून परत येतात. यंदा मीच आधी कमी केले, शहाणपणा म्हणून. दिवस कमी, झाडं तेवढीच, तेव्हा कुठेतरी कात्री लावावी लागणार होती. पहिल्याच सकाळी मी काकांना सांगितलं, "फक्त जिवंत वाचा. मेलेल्यांवर वेळ घालवू नका." पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 50 हेक्टरांत एक सेंटिमीटर जाडीपासूनची एकूणएक खोडं मोजतात, दोन लाखांच्या वर, आणि साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा. कोण मेलं तेही टिपतात. हे मला पाठ आहे. वर्गात शिकवते. तरी सांगितलं.

सगळ्यात शेवटी येतो तो शाश्वततेचा रकाना. "निधी संपल्यानंतर हा प्रकल्प कसा टिकून राहील?" हा शब्द मूळचा आमच्याच घरातला, म्हणून त्याचा राग जास्त येतो. जर्मनीतल्या सॅक्सनीत फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणींना लाकूड लागायचं, डोंगर उघडे पडत चालले होते. खाणींचा कारभार बघणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्सनं 1713 मध्ये वनशेतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटलं की जंगल असं वापरा, की ते टिकत राहील. आज ज्याला जगभर शाश्वतता म्हणतात त्या कल्पनेचं मूळ लोक तिथे नेऊन पोचवतात. झाडाला पुन्हा उगवायला जितका वेळ लागतो तितका द्या, इतका साधा हिशोब होता त्यात. तीनशे वर्षांनी तोच शब्द फिरून माझ्याकडे आला तो प्रश्न बनून, की आम्ही पैसे बंद केल्यावर तुम्ही काय कराल? मी लिहिलं, "स्थानिक क्षमतावर्धनातून." म्हणजे काका. म्हणजे ज्यांचे दिवस मी वरच्या पानावर कापले, ते काका खालच्या पानावर प्रकल्प तारून नेणार होते. फुकट.

अर्ज गेला. मुदतीच्या आधी अकरा मिनिटं, कारण शेवटच्या क्षणी पीडीएफ दोन एमबीपेक्षा मोठी निघाली. नंतर आठवडाभर मला नुसती झोप येत होती. ऑस्ट्रेलियात एकदा कुणी हिशोब केला होता: 2012 च्या वैद्यकीय संशोधन निधीच्या एका फेरीसाठी 3,727 अर्ज आले, ते लिहिण्यात संशोधकांची मिळून अंदाजे 550 वर्षं गेली, आणि त्यातले जेमतेम पाचात एक अर्ज मंजूर झाले. एका नव्या अर्जाला सरासरी 38 दिवस. साडेपाचशे वर्षं म्हटल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे काय येतं कोण जाणे, माझ्यापुढे एक भलं थोरलं झाड आलं, आणि त्याचा बुंधा कापल्यावर दिसणारी वलयं. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान निधीने 2021 पासून एक सरळ मार्ग काढला. गुणवत्तेत अगदी तुल्यबळ ठरलेल्या अर्जांमध्ये चक्क चिठ्ठी टाकायची. सुरुवातीला मला ते अपमानास्पद वाटलं होतं. आता वाटतं, चिठ्ठीत नाव आलं नाही तर निदान दृष्टिकोन तपासत बसावं लागत नाही.

चार महिन्यांनी नकार आला. पत्र सभ्य होतं. पहिल्या परीक्षकाने लिहिलं होतं, "काम महत्त्वाचं, पण नावीन्य मर्यादित." हे अपेक्षितच होतं, मी तावातावाने मैत्रिणीला फोन करून बोलूनही घेतलं. दुसऱ्या परीक्षकाचा शेरा मात्र दोन दिवस कुणाला सांगितला नाही. त्याने किंवा तिने विचारलं होतं की तुमचे चारही प्लॉट एकाच उताराच्या एकाच अंगाला आहेत, मग तुम्ही जंगलाबद्दल बोलताय की त्या उताराबद्दल? माणूस नकाशा उघडून बसला होता. मागच्या प्रकल्पात आम्ही प्लॉट तिथे आखले, कारण तिथवर गाडी जायची. याला दुसरं कारणच नव्हतं, आणि त्या एका प्रश्नाने ते उघडं पाडलं. रकान्यांना शिव्या घालणं सोपं असतं, पण ज्याला माझ्या झाडांविषयी एवढा नेमका प्रश्न पडला त्याच्याशी भांडता येईना. आणि पहिल्याशी तरी कुठल्या तोंडानं भांडू? मीसुद्धा परीक्षक म्हणून बसले आहे. बावीस अर्ज, एक शनिवार-रविवार, चहाचे कप. कुणीतरी एका दलदलीतल्या झाडांची तिसरी मोजणी मागितली होती. मी गुणांच्या रकान्यात "नावीन्य: 2/5" लिहिलं आणि पुढचा अर्ज उघडला. त्या माणसाची झाडंही बहुधा चकत्या गिळत बसली असतील.

पैसे नाहीत म्हटल्यावर मोजणीचा प्रश्नच नव्हता. पण खिळ्यांचं डोक्यातून जाईना. एका सुट्टीच्या दिवशी काकांना विचारलं, येता का नुसते खिळे सैल करायला. काका आले, त्यांची स्वतःची पकड घेऊन. माझी पकड बघून काही बोलले नाहीत, फक्त स्वतःची माझ्या हातात दिली. वही नव्हती, टेप नव्हती, त्यामुळे की काय, जंगल जरा मोठं वाटत होतं. रात्री पाऊस पडून गेला होता. पाऊल टाकलं की पाल्यातून पाणी वर यायचं आणि ओल्या बुरशीचा, जुन्या गोणपाटासारखा वास सुटायचा. खिळा उपसला की किंचित किरकिर होते, मग एकदम मोकळा आवाज. चकती डोलते. दुपारपर्यंत दीडशेच्या आसपास झाले. काही इतके आत गेले होते की हात लावण्यात अर्थ नव्हता. तिथे शेजारी नवा खिळा ठोकून कोऱ्या चकतीवर अणकुचीदार सळीने नंबर कोरायचा.

त्या झाडाशी आलो. फुगवटा आणखी पुढे सरकला होता, 7 चा पाय गेला होता. मी कोरी चकती हातात धरून उभी राहिले आणि म्हटलं, "याचं काय करायचं काका? जुन्या वह्या भिजल्या तेव्हा पेन्सिलीची पानं वाचली, चारशेची पानं नेमकी पेनाने लिहिलेली होती. नंबरही नागमोडी दिलेले, आजूबाजूच्या जिवंत झाडांवर 396 आणि 461 आहेत. त्यावरून काही लागत नाही."

"चारशे सत्तावीस," काका म्हणाले.

मी बघतच राहिले. ते चार पावलं डावीकडे गेले. तिथे एक खोड आडवं पडलं होतं, इतकं कुजलेलं की त्यावर पाय दिला तर केकसारखं खचेल. त्यांनी चपलेने पाला बाजूला सारला आणि वाकून चकती उचलली, अंगठ्याने माती पुसली. 426. मग उजवीकडच्या कमरेएवढ्या थोटकाकडे बोट केलं. साल कधीच गळून गेली होती, खिळा मात्र होता आणि त्यावर चकती लोंबत होती, अगदी सैल, कारण ते खोड आता जाड होणार नव्हतं. 428.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"ताई, तुम्हीच म्हणालात ना," काकांनी 426 ची चकती माझ्या हातात ठेवली, "मेलेली वाचू नका."